भरतीची कार्डं

टॉप्स कंपनीच्या १९५६ च्या बेसबॉल संचात एक नंबरचं कार्ड विल्यम हॅरिज यांचं आहे. हे गृहस्थ खेळाडू नव्हेत, अमेरिकन लीगचे अध्यक्ष. दोन नंबरला नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स. मिकी मँटलसारख्या ताऱ्याच्या आशेने पाच सेंट मोजून पाकीट फोडणाऱ्या पोराच्या हातात हे साहेब आले की त्याचं तोंड कसं होत असेल, ते सांगायला नको. शेवटचं ३४० नंबरचं कार्ड मिकी मॅकडरमट या डावखुऱ्या पिचरचं. खेळाडू बरा होता, पण लोकांनी जीव टाकावा असा नव्हे. तरीही कोपरे शाबूत असलेला हॅरिज किंवा मॅकडरमट मागून बघा, विक्रेता आसपासच्या साध्या कार्डांच्या कितीतरी वर भाव सांगतो. कारण रबर बँड. त्या वेळची मुलं कार्डं नंबराने लावायची, गठ्ठ्याला रबर बँड आवळायची आणि बुटाच्या खोक्यात टाकायची. मधली कार्डं बचावली. वरचं आणि खालचं मात्र रबराने कापलं, वाकलं, मळलं.

या संचामागे मी न्यू जर्सीत नोकरीला आल्यानंतर लागलो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात बेसबॉल सहजासहजी शिरत नाही. माझ्या डोक्यात तो कार्डांच्या पाठीवरून शिरला. छप्पनच्या कार्डाच्या मागे आकडेवारीच्या वर तीन छोटी व्यंगचित्रं असतात: याने अमुक सामन्यात असा चेंडू पकडला, त्याने लष्करात इतकी वर्षं काढली. पुढून कार्ड आडवं, डाव्या किंवा उजव्या अंगाला खेळाडूचा मोठा चेहरा, मागे मैदानातला एखादा प्रसंग. हे चेहरे बरेचसे आधीच्या दोन वर्षांच्या कार्डांवरचेच, कंपनीने पुन्हा वापरलेले. काटकसर तर अशी की ३१ नंबरच्या हँक एरनच्या कार्डावर मागे घसरत होम प्लेट गाठणारा खेळाडू प्रत्यक्षात विली मेज आहे. त्याच्यावर एरनच्या संघाचा गणवेश रंगवून टाकला. चित्रकाराला काय, दोघेही काळे, दोघेही वेगवान, कोण बघतंय! मी बघतो. हे कार्ड पानात लावताना दरवेळी हसू येतं आणि थोडा रागही येतो.

हौशी लोक विचारतात, घ्यायचाच होता तर १९५२ चा का नाही घेतलास? तो टॉप्सचा नावाजलेला संच, ४०७ कार्डांचा. पण त्यातली ३११ पासूनची शेवटची ९७ कार्डं हंगाम संपत आल्यावर बाजारात आली, मुलांचं लक्ष तोवर फुटबॉलकडे वळलेलं. माल पडून राहिला. साय बर्गर हे कंपनीतले कर्ते गृहस्थ. उरलेली खोकी १९६० मध्ये आपण बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये बुडवली, असं ते सांगत. ३११ नंबरला नेमका मँटल. २०२२ साली त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. पगारदार माणसाने अशा संचाकडे काचेतूनच बघावं. छप्पनमध्ये मँटल १३५ नंबरला आहे. तोही महागच, पण थोडा गोल कोपऱ्यांचा, सुरकुती नसलेला मँटल पैसे साठवून घेता येतो. एकदा पैसे साठले की प्रश्न मिटला. असा मँटल कोणत्याही मोठ्या प्रदर्शनात दहा टेबलांवर मांडलेला असतो.

घोडं अडतं ते भरतीच्या कार्डांवर. मँटल, मेज, टेड विल्यम्स, क्लेमेंटे, कूफॅक्स यांची कार्डं लोकांनी जपली, विक्रेत्यांनी पुढे मांडली. दोनशेच्या पुढच्या नंबरांतला कोण तो पिचर, ज्याचं नाव त्याच्या गावाबाहेर कोणी घेत नाही, त्याचं कार्ड जपण्याचं कोणाला काय कारण होतं? त्यात १८१ ते २६० ही मालिका मुळातच कमी सापडते. विक्रेत्यांकडे ही कार्डं लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यांत उभी लावलेली असतात. यादी हातात घेऊन, मान मोडून, एकेक उचलायचं. मोठ्या कार्डाचं मूल्यमापन दुसऱ्या कोणीतरी करून दिलेलं असतं, प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर आकडा चिकटवून. दहा-पंधरा डॉलरच्या कार्डासाठी तो खर्च कोणी करत नाही. तिथे स्वतःचे डोळेच लागतात, आणि माझ्या मते संच लावण्याचं खरं कसब इथेच आहे.

कार्ड हातात घेतल्यावर मी चेहरा बघत नाही. आधी ते दिव्याखाली तिरकं धरतो. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या कार्डावर तिरक्या उजेडात केसासारखी सुरकुती उमटते, एखाद्या पोराने खिशात कोंबल्याची खूण. मग पाठ. पाकिटाच्या मेणकागदाचा डाग पडला असेल तर पुठ्ठ्यावर तेलकट सावली दिसते. त्यानंतर चारही बाजूंच्या पांढऱ्या कडा. डावी रुंद आणि उजवी नावापुरती असेल तर कार्ड कितीही कोरं असो, पानात ते वाकडं दिसतं. मग कोपरे, आणि मग आकार. संशय आला तर त्याच संचातलं खात्रीचं एक कार्ड खिशातून काढायचं, दोन्ही पाठीला पाठ लावून कडा बोटाने चाचपायच्या. कातरलेलं कार्ड अर्ध्या मिलिमीटरने तरी आत जातं. कडा ताज्या दिसाव्यात म्हणून कातरण्याचा हा उद्योग जुना आहे. होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं, तंबाखूच्या पाकिटातून निघालेलं जगप्रसिद्ध कार्ड, जे कधीकाळी हॉकीपटू वेन ग्रेट्झकीच्या मालकीचं होतं, तेही कातरलेलं आहे. ते आपणच कातरल्याचं लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ साली न्यायालयात कबूल केलं. डबीवर मात्र दहापैकी आठ. शेवटी भिंग. अस्सल कार्डावर काळी अक्षरं सलग शाईची असतात. जुन्या कार्डाचा फोटो काढून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं ठिपक्यांची बनलेली दिसतात. एवढं सगळं व्हायला मिनिटभर लागतं. तेवढ्यात विक्रेता चुळबुळ करायला लागला तर मी कार्ड ठेवून पुढे जातो.

संच एका पातळीचा हवा, याबद्दल मी हटवादी आहे. थोडे मऊ झालेले कोपरे चालतील, सुरकुती चालणार नाही, पेनाची रेघ चालणार नाही. मग एखादं चकचकीत, नुकतंच पाकिटातून निघाल्यासारखं कार्ड स्वस्तात मिळालं तरी मी सोडतो. पानात ते सोन्याच्या दातासारखं दिसतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना हे अजिबात पटत नाही. मिळेल ते उत्तम घ्यावं, बाकीची हळूहळू त्या पातळीला न्यावीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा संच माझ्या आधी सुरू झाला आणि अजून चालूच आहे, कारण प्रत्येक उत्तम कार्ड त्याच्या शेजाऱ्याला कमी ठरवतं. पाठीच्या रंगावरूनही आमचं जुंपतं. पहिली १८० कार्डं करड्या पाठीची निघाली आणि पांढऱ्या पाठीचीही. ते एका रंगाचा आग्रह धरतात. मी दोन्ही मिसळतो. पाकीट फोडणाऱ्या मुलाने पाठीचा रंग बघून कार्ड फेकलं नसतं.

या ३४० शिवाय दोन कार्डं आहेत, बिननंबरी. एकावर पहिल्या आणि तिसऱ्या मालिकेची यादी, दुसऱ्यावर दुसऱ्या आणि चौथ्या. प्रत्येक नावापुढे चौकोन. चौकोन भरण्यासाठीच होता, म्हणून मुलांनी पेन्सिलीने भरला. आता बाजार म्हणतो, कोरी यादी हवी. म्हणजे ज्या मुलाने ती विकत घेतली पण वापरली नाही, त्याचीच यादी मोलाची. कोऱ्या यादीची किंमत ऐकली तर तेवढ्यात एखादा चांगला तारा येतो. मी खुणा असलेली पहिली यादी मुद्दाम घेतली. तिच्यावर एरन आहे, जॅकी रॉबिन्सन आहे आणि हॅरिजसाहेबांपुढे दोनदा खूण आहे. पेन्सिलीची रेघ मी पातळीच्या नियमातून वगळली ती एवढ्या एकाच ठिकाणी.

संच पुरा झाला हे ठरवायचं कोणी? मुलांना वाटे, कंपनी छापेल तेवढा. १९३३ साली गाउडी या च्युइंगगम कंपनीने २४० कार्डांचा संच काढला आणि १०६ नंबर छापलाच नाही. मुलं त्या एका नंबरासाठी गम चघळत राहिली. तक्रारीची पत्रं पाठवणाऱ्यांना पुढच्या वर्षी नॅप लाजोईचं कार्ड टपालाने पाठवलं गेलं. लाजोईने तोवर खेळणं सोडून बरीच वर्षं झाली होती. आज तो संच लावणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की ३४ साली छापलेलं कार्ड ३३ च्या संचात धरायचं की नाही. नंबर आहे, म्हणून बहुतेक जण धरतात आणि मग घर गहाण टाकायची वेळ येते. छप्पनचं दुखणं उलटं. त्यात स्टॅन म्युझियलच नाही. त्या काळातल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक, पण टॉप्सशी करार नव्हता. रिकामा नंबरही सोडलेला नाही, त्यामुळे पानं पूर्ण भरतात आणि तरी उणीव राहते. लहानपणी आपल्याकडे बिग फन गमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं निघायची, मागे धावा नाहीतर विकेट छापलेल्या. तिथे निदान धावा जमवून बक्षीस मागता येई. इथे पुरा झाल्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

पुरेपणाची मला पटलेली व्याख्या जेफरसन बर्डिक यांच्याकडून घेतली आहे. सिरॅक्यूजचा हा अविवाहित कामगार विजेचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता, संधिवाताने हात वाकडे झालेले. अमेरिकन कार्डांची पहिली मोठी सूची त्याने केली. वॅग्नरचं कार्ड ज्या संचातलं, त्याला आज सगळे टी २०६ म्हणतात तेही त्याच्याच सूचीमुळे. १९४७ पासून त्याने आपला सगळा संग्रह, तीन लाखांवर चिठोऱ्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली आणि पुढची पंधरा वर्षं तिथे बसून तो वह्यांत चिकटवत गेला. होय, डिंकाने! आजच्या कोणत्याही संग्राहकाला हे ऐकून घेरी येईल. वॅग्नरसुद्धा चिकटवला. काम संपलं तेव्हा जानेवारी १९६३ होता. दोनच महिन्यांत तो गेला. त्याच्या वहीत वॅग्नरला शेजाऱ्यांपेक्षा मोठी जागा दिलेली नाही; पुरेपणा म्हणजे हेच.

मीही डब्या फोडून कार्डं पानात लावतो. नऊ कप्प्यांचं नेहमीचं पान इथे चालत नाही, कारण ५२ ते ५६ मधली टॉप्स कार्डं मोठी होती. आजचा आकार ५७ पासूनचा. आठ कप्प्यांची पानं मागवावी लागतात. मँटल ज्या पानावर आहे त्यावर बाकीचे सात जण कोण, हे मला न बघता सांगता येतं. पण मँटलसाठी येणारे पाहुणे त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

संच भरत आला की दुबार कार्डांचं खोकं संचापेक्षा जाड होतं. गेल्या वर्षीपासून मी स्थानिक प्रदर्शनात अर्धं टेबल घेतो. परवा एक तरुण आला, फोनवर यादी. तारे त्याने ओलांडले आणि थेट दोनशेच्या कप्प्यात हात घातला. २१३ काढला, दिव्याखाली तिरका केला, पाठ बघितली, कडा बघितल्या. मी बारा डॉलर म्हणालो. तो म्हणाला, उजवी कड फारच निमुळती आहे, आठला द्या. कड खरोखरच निमुळती होती, म्हणूनच ते कार्ड माझ्या पानात न जाता खोक्यात आलं होतं. मी नवावर ठाम राहिलो. त्याने ते बाजूला ठेवलं आणि २१४ शोधायला लागला.