रानाची सरासरी

सरासरी या प्रकारावर माझा जुना राग आहे. ऑफिसात सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाईम झकास दिसतो आणि तिकडे काही बिचारे युजर्स नुसतं फिरणारं चक्र बघत बसलेले असतात. असो. आजचा विषय सर्व्हर नाही, माण तालुक्यातलं आमचं रान आहे.

घरामागे दोन एकर गवताचं पडीक रान. वर्षानुवर्षं तिथे आमची आणि भावकीची गुरं चरतात. यंदा अण्णांच्या मनात तिथे रब्बीची ज्वारी करायचं आलं, म्हणून आठ ठिकाणची माती मिसळून तपासायला दिली. उपलब्ध नत्र हेक्टरी २८८ किलो, शेरा 'मध्यम'. २८० च्या खाली असतं तर 'कमी' झालं असतं. अण्णांनी कागद बघून बाजूला ठेवला. "कागद सगळ्या रानाचा एकच आकडा सांगतोय. रान कुठं एकसारखं हाय?"

म्हातारा बरोबर बोलत होता. गाय चाऱ्यातून जेवढं नत्र खाते त्यातलं बहुतेक शेण-मुतातून बाहेर टाकते. खाते मात्र रानभर आणि टाकते ठिपक्याठिपक्यांनी! न्यूझीलंडच्या कुरणांवर याची भरपूर मोजमापं झाली आहेत. गाय एकदा मुतली की तेवढ्या तुकड्यावर हेक्टरी ५०० ते १००० किलोच्या हिशेबाने नत्र पडतं. एवढं गवताला झेपतच नाही. काही अमोनिया होऊन हवेत उडतं, काहीचं नायट्रेट होतं आणि जोराच्या पावसात मुळांच्या खाली निघून जातं. हातभर पलीकडचं गवत मात्र उपाशीच.

त्यात गुरांच्या आवडीनिवडी. दुपारी सगळी लिंबाखाली, नाहीतर पाण्याजवळ. उतारावर चरायचं आणि सपाटीला येऊन बसायचं. म्हणजे जनावर नत्र तयार करत नाही, नुसतं इकडचं तिकडे नेतं. माती घेताना झाडाखालची, गुरं बसतात तिथली घेऊ नका असं सांगतात, ते आम्ही पाळलं होतं. पण रानातला वाळलेला मुताचा डाग ओळखणार कसा? समजा सात ठिकाणी २०० आहे आणि आठवा खड्डा नेमका डागावर पडला, तिथे ९००. सरासरी २८७.५. झालं की हो 'मध्यम'! आणि त्या हिशेबाने युरिया टाकला तर सात हिश्श्यांतली ज्वारी पिवळी.

धनगर हे कधीपासून जाणतात. मेंढरं शेतात बसवतात तेव्हा वाघर, म्हणजे जाळी, जागा बदलून लावतात. आज इथे, उद्या शेजारच्या तुकड्यात. लेंड्या आणि मूत सगळ्या शेतात सारखं पडतं. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. (ते नत्र दिवसभर गायरानातून आणि बांधांवरून गोळा केलेलं असतं, त्या गायरानाला कोणी काही देत नाही, ही गोष्ट वेगळी.)

मग आम्ही सपाटीची आणि उताराची माती वेगवेगळी दिली. सपाटी ३४०, उतार १९०. आता सपाटीला युरिया कमी आणि सगळा भर उतारावर, एवढं ठरलंय. शिवाय कोकणाकडे निघालेला एक वाडा दिवाळीच्या सुमाराला आमच्या शिवारात उतरतो, त्यांची मेंढरं चार रात्री उतारावर बसवावीत असं अण्णांच्या डोक्यात आहे. मेंढके म्हणतात, "अण्णा, उताराला मेंढरू ठरत न्हाय, रातीत खाली सरकतंय." सपाटीला एका पायावर तयार आहेत. अण्णा म्हणतात, सपाटीला मला नको. बोलणी चालू आहेत, पायलीवर पायली वाढतेय..