एका पेटींतले चिरूट

आमच्या घरांत तंबाखूचा शिरकाव कधींच झाला नाहीं. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतों, तपकिरीची डबी काढणाऱ्या पाहुण्याशींही चार हात अंतर ठेवूनच बोलत. तेव्हां या लेखाचें नांव वाचून कोणा भगिनीच्या कपाळास आठी पडली, तर ती आमच्या घरांतल्या आठीहून मोठी खास नसेल. चिरूट ओढणें अपायकारक आहे, याविषयीं आमचा कोणाशींही वाद नाहीं. वाद होता तो निराळा. तो आमचे मामा आणि नाना यांच्यामधला, आणि त्याचा निकाल लावण्याचें काम अखेर आमच्यावर येऊन पडलें.

मामांची सारी नोकरी त्रिचनापल्लीस, गोल्डन रॉकच्या रेल्वे कारखान्यांत झाली. त्या गांवानें त्यांना रसम् आणि चिरूट या दोन गोष्टींची संवय लावली. चिरूट हा शब्दच मुळीं तमिळ 'सुरुट्टु'वरून आलेला. सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. दोन्हीं टोंकें कापलेला, सरळ, काळसर असा हा त्रिचीचा चिरूट एके काळीं इतका प्रसिद्ध होता कीं, १८८७ सालच्या पहिल्याच कथेंत शेरलॉक होम्स नुसती राख पाहून तो ओळखतो. मामा निवृत्त होऊन पुण्यास आले, ते हें व्यसन घेऊनच. रोज रात्रीं गच्चीवर एक, त्याहून अधिक नाहीं. पुढें त्यांचे जांवई अमेरिकेहून डोमिनिकन चिरूट आणूं लागले. अमेरिकेनें १९६२ सालीं क्यूबाचा माल बंद केला, आणि क्यूबांतून बाहेर पडलेल्या कित्येक जाणत्या लोकांनीं डोमिनिकन प्रजासत्ताकांत आपला धंदा थाटला. त्या घराण्यांतला हा सौम्य, मधुर माल.

२०१९ च्या दसऱ्यास मामांनीं तुनाच्या लांकडाची एक पेटी करविली. परदेशांत चिरुटांसाठीं ज्याला 'स्पॅनिश देवदार' म्हणतात, तो वस्तुतः देवदार नव्हेच. आपल्या तुनाचा आणि कडुनिंबाचा तो नातलग. त्या पेटींत मामांनीं दोन्हीं जातींचे चिरूट शेजारीं शेजारीं मांडले, कोपऱ्यांत ओल्या स्पंजाची डबी ठेवली आणि म्हणाले, "नाना, दोन वर्षांनीं पाहा. ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला. आमचा त्रिचीचा दांडगट या पाहुण्याच्या संगतीनें सभ्य होईल."

"गुण लागतो तो उग्राचा," नाना म्हणाले. "हिंगाशेजारीं चहा ठेवा, चहाला हिंग लागेल. हिंगाला चहा लागलेला मीं तरी पाहिला नाहीं."

मामा पडले इंजिनियर. त्यांनीं ताबडतोब त्याच लांकडाच्या आणखी दोन लहान पेट्या करविल्या, आणि एकींत नुसते त्रिचीचे व दुसरींत नुसते डोमिनिकन असे चिरूट पडताळ्यासाठीं ठेवून दिले.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. तंबाखूच्या पानांचे ढीग घालून तीं उबवितात, आणि त्या उबेनें अमोनियाचा उग्र वास पुष्कळसा निघून जातो. पुढें चिरूट वळून झाला म्हणजे तो कांहीं आठवडे, कधीं कधीं वर्षभरही, लांकडी खोलींत स्वस्थ पडूं देतात. आंतलीं पानें, बांधणीचें पान आणि वरचें वेष्टन यांची ओल मग सारखी होते, व त्यांचे वास एकमेकांत शिरतात. त्या धंद्यांतले लोक याला पानांचें लग्न लागणें म्हणतात. आमच्या मामी हें ऐकून "मुरणें म्हणा कीं," एवढेंच म्हणाल्या, आणि आम्हांस तोच शब्द अधिक बरोबर वाटतो. पण एका बरणींतली फोड पाकांत मुरते म्हणून शेजारच्या बरणींतलें लोणचें तिच्यांत मुरेल काय? मामांचा प्रश्न हा होता. आणि तो सोडवावयाचा म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यांत पेट्या कोरड्या पडूं द्यावयाच्या नाहींत, पावसाळ्यांत बुरशी धरूं द्यावयाची नाहीं. शिवाय उष्मा वाढला कीं पानांतलीं किड्यांचीं अंडीं फुटतात, ती भीति वेगळीच.

२०२० च्या मार्गशीर्षांत मामांना हृदयविकार जडला. डॉक्टरांनीं चिरूट बंद केला, आणि मामांनीं तो खरोखरीच बंद केला. मोठी पेटी मात्र ते रोज रात्रीं उघडीत, क्षणभर वास घेत आणि मिटवीत. पुढल्या श्रावणांत ते गेले. मुदतीस दोन महिनेही उरले नव्हते.

तेराव्यानंतर मामींनीं तिन्ही पेट्या आमच्या स्वाधीन केल्या. नाना त्या घराबाहेर ठेवावयास सांगतील, असें आम्हांस वाटलें होतें. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब."

जहाजावर तीस वर्षें काढलेले आमचे एक स्नेही परीक्षक म्हणून आले. त्यांच्या डोळ्यांवर आम्हीं उपरणें बांधलें. न पेटविलेल्या चिरुटांचा निकाल तर नाना आणि मामी यांनींच लावला. सामाईक पेटींतल्या डोमिनिकनच्या अंगाला त्रिचीचा तिखट, काकवीसारखा वास स्पष्ट येत होता. त्रिचीला डोमिनिकनचें कांहींही लागलें नव्हतें. नानांचें म्हणणें खरें ठरलें. पण त्यांच्या चेहऱ्यावर विजयाचें कांहीं चिन्ह दिसेना.

पेटविल्यावर मात्र तो परका वास बोटभर अंतरच टिकला. आंतल्या पानांची चव वर आली, तसा तो झांकला गेला, आणि दोन पेट्यांतले डोमिनिकन आमच्या स्नेह्यांना निराळे ओळखतां येईनात. मग त्रिचीची पाळी आली. "हा तर गृहस्थ झाला कीं!" ते उद्गारले. मामा जिंकले, अशा आनंदांत आम्हीं एकट्या ठेवलेल्या पेटींतला त्रिची पुढें केला. तोही तितकाच गृहस्थ निघाला! दोन वर्षांच्या विश्रांतीनें त्याचा दांडगेपणा त्याचा त्यानेंच गेला होता. पाहुण्याचा त्यांत कांहीं हात नव्हता. अर्थात् चार चिरूट आणि एक जीभ एवढ्यावर शास्त्र उभें राहत नाहीं, हें आम्ही जाणतों.

नाना बराच वेळ कठड्याला टेंकून उभे होते. "त्यानें हें मान्य केलें नसतें," ते म्हणाले. "म्हणाला असता, दोन वर्षें थोडीं झालीं."

उरलेले चिरूट टाकून द्यावे, असें आमच्या पत्नीचें मत होतें, आणि तें योग्यही होतें. परंतु पेट्या नानांनीं आपल्या खोलींत नेल्या. मोठ्या पेटीच्या झांकणावर त्यांनीं पेन्सिलीनें नवी मुदत लिहिली आहे: पांच वर्षें. दर रविवारीं पूजा आटोपली कीं ते बॅटरींत घालावयाच्या शुद्ध पाण्यानें स्पंज ओला करतात, झांकण घट्ट लावतात आणि मग हात दोनदां धुतात.