मानभावी कुणाला म्हणता?

'मानभावी' हा शब्द आमच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतोच. गोडगोड मेल टाकून स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा मानभावी. अप्रेझलच्या आधी बॉसला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा तर महामानभावी! बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसतं, की पलीकडच्या क्युबिकलमध्ये एक खराखुरा मानभाव बसलाय.

तो मी. महानुभाव पंथातल्या घरातला. 'महानुभाव'चं बोलताबोलता 'मानभाव' झालं आणि मानभावाचं 'मानभावी', म्हणजे वरून साधा, आतून ढोंगी. एका अख्ख्या पंथाच्या नावाची शिवी झाली आणि ती शब्दकोशात जाऊन बसली. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण शाळेत फळ्यावरून वहीत उतरवून घेताना माझे कान तापले होते, तेवढं आठवतं.

माझं गाव चिंचपाडा. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लाइनवरचं छोटं स्टेशन. वडील रेल्वेत. गावात मिशनचं हॉस्पिटल, आजूबाजूला आदिवासी पाडे. कुणी भेटल्यावर जोहार म्हणणार, कुणी येशूचं नाव घेणार, माझी आजी दोन्ही हात जोडून 'दंडवत प्रणाम' म्हणणार. तिथे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. पुण्यात आल्यावर मी 'हाय' म्हणायला लागलो. सोपं पडतं.

आजीचं मात्र एकच टुमणं. "जाय रे भाऊ एकदाव रिद्धपूरले!" आमच्याकडे रिद्धपूर म्हणजे काशी. तिचे गुडघे गेले, तेव्हा तिच्या वाट्याचं दर्शन मी घेऊन यावं असं ठरलं. एका लाँग वीकेंडला आधी घरी गेलो आणि चिंचपाड्याहून गाडी धरली. नंदुरबार, भुसावळ, बडनेरा, मग अमरावतीहून एसटी. मजा म्हणजे हा रस्ता जवळपास आमच्या स्वामींचाच. चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाला, वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि मागचं सगळं सुटलं, असं पंथाचे ग्रंथ सांगतात. तेराव्या शतकातली गोष्ट. थोडक्यात, मराठीला इतकं देणारा माणूस जन्माने गुजराती होता!

अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, संत्र्यांच्या पट्ट्यात रिद्धपूर आहे. काशी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे काही नाही. खचलेल्या मातीच्या भिंती, कुलूप लागलेली घरं, दार शाबूत पण मागे छप्परच नाही असे एक-दोन वाडे. तरुण पोरं अमरावतीला, नागपूरला गेलेली. आणि या पडझडीत मधूनच स्वच्छ चुना दिलेला एखादा ओटा. इथे प्रभू बसले, इथे जेवले, इथे रुसले. महानुभावांची तीर्थं अशीच असतात. देवाचा पाय जिथे लागला ती जागा, तिला म्हणायचं 'स्थान'. घर पडलं तरी चालेल, ओटा पडता कामा नये.

"चप्पल इथं काढा जी," राजमठाच्या दारातले आजोबा म्हणाले. "कुठून आले?" चिंचपाडा त्यांना ठाऊक नव्हतं. नवापूर म्हटल्यावर मान हलवली. आत एक पंजाबी कुटुंब होतं, आई मुलाला मराठी शब्द वाचून दाखवत होती. पंथ उत्तरेकडे पंजाबपर्यंत आणि पुढे पेशावर-काबूलपर्यंत गेला. तिकडे त्याला 'जय कृष्णी' म्हणतात, पण पोथी मराठी. त्या बाईंचा 'ळ' माझ्या टीममधल्या निम्म्या पोरांपेक्षा चांगला होता.

याच गावात म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिलं, ते त्याला विचारून. 'लीळाचरित्र' ते हेच, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. ज्ञानेश्वरीच्याही आधीचा. त्यातले चक्रधर आपल्या वयाच्या कुणालाही आवडतील असे आहेत. बायकांना संन्यास दिला, विटाळ मानला नाही. पाळी म्हणजे नाक वाहण्यासारखंच शरीराचं एक वाहणं, असा त्यांचा साधा हिशेब. शिष्यांना सांगणं एकच, मराठीत बोला. आमच्या आजीला कळलं पाहिजे ना!

एवढं केल्यावर जे व्हायचं तेच झालं. पंथाच्या ग्रंथांत पैठणच्या सभेची हकिगत येते. यादवांचा मंत्री हेमाद्री आणि त्याची माणसं, ठरवून केलेला निवाडा, स्वामींचं नाक कापणं. १२७४ मध्ये ते उत्तरेला निघून गेले, असं आम्ही मानतो. काही अभ्यासक म्हणतात, मारले गेले. आजीसमोर हे दुसरं मी बोलत नाही. पुढे पेशवाईत, १७८२ मध्ये, मानभाव निंद्य आहेत असा सरकारी आदेशही निघाला.

मधल्या काळात पंथाने दार लावून घेतलं. चौदाव्या शतकात 'सकळ लिपी' आली. एका अक्षराच्या जागी दुसरं लिहायचं, किल्ली फक्त आपल्या माणसांकडे. आजच्या भाषेत एन्क्रिप्शन! ग्रंथ वाचले, पण किंमत मोजावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या मराठी माणसाला हे साहित्य नीट वाचताच येत नव्हतं. वाचताच आलं नाही, मग काय, म्हणीच शिल्लक राहिल्या.

क्लायंटकडे अमेरिकेला गेलेल्या एका मैत्रिणीने तिथलं नावू गाव पाहिलं होतं. इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी १८३९ मध्ये मॉर्मन लोकांनी ते वसवलं. १८४४ मध्ये जमावाने त्यांच्या जोसेफ स्मिथला तुरुंगात गोळ्या घातल्या, १८४६ मध्ये सगळे घरंदारं सोडून पश्चिमेला निघाले. गाव ओस. आता हजारभर वस्ती, पण २००२ मध्ये जुनं मंदिर पुन्हा जसंच्या तसं बांधलं. तिच्या मोबाइलमधले फोटो बघताना मला आमचे ओटे आठवले. फरक इतकाच, की त्यांच्या नावाची शिवी जगाच्या तोंडी नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलंय. २०२४ मध्ये पहिले कुलगुरू नेमले गेले, त्याच वर्षी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. चहाच्या टपरीवर एक विद्यार्थिनी भेटली. तिला म्हटलं, "मानभावी शब्दाचं काय करणार तुम्ही लोक?" ती हसली. म्हणाली, "शब्द कोशातून काढता येत नाही. पण त्याच्यापुढे तो कसा आला, ते लिहिता येतं की."

परतीच्या एसटीत आजीचा फोन. आवाज मोठा, बाजूच्या सीटवरच्यालाही ऐकू जाईल असा. "कितला ओटास्ले डोकं टेकं रे?"

मी मोजले नव्हते. अकरा म्हणालो.

"बस अकरा?" आजी म्हणाली. "परत जाय."