यादीत नसलेली नावं

सर्जनांच्या एका परिषदेत मी पहिल्यांदा शोधनिबंध वाचायला गेले, तेव्हाची गोष्ट. माझ्या आधीच्या तिघांची ओळख 'डॉक्टर' म्हणून झाली. पदव्या, अनुभव, सगळं सांगून झालं. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालक हसून म्हणाले, ''आता आपल्या भाभी दोन शब्द बोलतील.'' माझे पती त्यांचे मित्र, म्हणून मी भाभी. आवाजात आपुलकी होती, त्यामुळे रागावताही येईना. पण मी हर्नियाच्या शंभर शस्त्रक्रियांचा हिशेब मांडायला आले होते, दोन शब्द बोलायला नव्हे.

सोलापूरला अब्बांना सांगितलं. त्यांनी यंत्रमागावर जादा पाळ्या करून मला शिकवलेलं. ते म्हणाले, ''बेटी, पूरा पढके आयी ना? फिर बस.'' मला मात्र ते 'बस' पटलं नाही.

पुढे कळलं, हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयांतल्या व्याख्यानांच्या वेळी पुरुषांनी पुरुष वक्त्याची ओळख करून देताना ७२ टक्के वेळा 'डॉक्टर' म्हटलं. वक्ता स्त्री असली की ४९ टक्केच. अमेरिका-कॅनडातल्या वैद्यकीय परिषदांत २००७ मध्ये वक्त्यांपैकी सरासरी २४.६ टक्के स्त्रिया होत्या, २०१७ मध्ये ३४.१ टक्के. सर्जरीच्या परिषदांत त्याहून कमी. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या १८८६ साली. एवढ्या वर्षांनंतरचा हा हिशेब!

हे आकडे मी तावातावाने सांगत असे. मग एका वर्षी वक्ते निवडायच्या समितीत मलाच घेतलं. अर्ध्या तासात मी वीस नावं लिहून काढली. माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी ती यादी टाइप करत होती. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, ''मॅडम, यात बाई एकच आहे.''

खरंच एकच होती. तीही स्तनाच्या कर्करोगावर बोलायला.

मला कुणाला वगळायचं नव्हतं. पण आजवर व्यासपीठावरून जी नावं ऐकली, तीच पेनातून उतरली. गेल्या वर्षी जो बोलला त्याला यंदा बोलावणं, यंदा जो बोलला त्याला पुढच्या वर्षी. समितीत एक बाई घेतली की काम झालं असं नसतं. ती बाईही त्याच सवयीत वाढलेली असते.

मी फोन करायला बसले. एक म्हणाली, ''मुलाची दहावी आहे.'' दुसरी म्हणाली, ''आठ दिवसांवर कसं जमेल? तीन महिने आधी सांगायचं ना.'' तिचं बरोबर होतं. तिसरीने विचारलं, ''मला? नक्की मलाच ना?'' पंधरा वर्षं पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणारी बाई असं विचारत होती.

शेवटी वीसात सहाजणी झाल्या. सहाहीजणींची ओळख मीच करून दिली, 'डॉक्टर' म्हणून, पदव्यांसकट. नकार दिलेल्या दोघींची नावं मी डायरीत वेगळ्या पानावर लिहून ठेवली आहेत. पुढच्या वेळी पहिला फोन त्यांना करायचा, आणि तीन महिने आधी.