पावसाची किंमत

समतोल राखण्याचे काम जगात फार थोड्यांना जमते आणि ज्यांना जमते त्यांचे आभार कोणी मानीत नाही. पंगतीतल्या वाढप्याला विचारा, भावांच्या वाटणीत बसवलेल्या मामाला विचारा. या दुर्दैवी मंडळींत अलीकडे माझ्या सोळा वर्षांच्या मुलीची भर पडली आहे. दर रविवारी दुपारी यवतमाळच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ रंगतो आणि ती त्याची सूत्रधार असते.

'सूत्रधार' हा शब्द अर्थात माझा. मराठीच्या प्राध्यापकाला एवढी लुडबूड क्षम्य असावी. खेळाडूने आपले एक पात्र घडवायचे, सूत्रधाराने प्रसंग उभा करायचा, पात्राने काय करावे ते खेळाडूने सांगायचे आणि ते साधले की फसले याचा निकाल वीस पैलूंच्या फाशावर सोपवायचा. म्हटले तर नाटक, म्हटले तर सारीपाट. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांचा हा खेळ 1974 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पात्राचे गुण दैवाधीन होते. एकेका गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि पडेल ते दान गोड मानून घ्यायचे. तिन्हींवर सहा पडण्याचा योग 216 मध्ये एक! आता दुसरीही रीत आहे. प्रत्येकाला 27 अंकांची सारखी पुंजी. सहाही गुण 8 पासून सुरू होतात. 13 पर्यंतच्या पायऱ्या एकेका अंकाला मिळतात, 14 आणि 15 या पायऱ्यांना दुप्पट मोल. त्यावरचे विकत मिळत नाही. या सहांत बुद्धी आणि शहाणपण निरनिराळे मोजतात. हे मला फार पटले. इतकी वर्षे प्राध्यापकांच्या खोलीत बसणाऱ्याला पटायचेच.

छापील नियमांपुरते सारे ठीक चालते. पोरे पुस्तकाबाहेरचे पात्र मागू लागली की सूत्रधाराची कसोटी लागते. एकाला कशानेच न मरणारा योद्धा हवा होता. हिरण्यकशिपूचे पुढे काय झाले, एवढेच विचारून मुलीने त्याला वाटेला लावले. आम्ही लहानपणी भिडू वाटीत असू तेव्हा सारख्या ताकदीची दोन पोरे गळ्यात गळा घालून दूर जात, गुपचूप नावे घेत आणि परत येऊन "चंद्र घेतोस की सूर्य?" म्हणून विचारीत. जोडी जमवतानाच पारख होऊन गेलेली असे. अगदीच धाकट्याला लिंबूटिंबू करून टाकायचे, की झाले. पण ज्याला जोडच नाही असा गुण कोणी मागितला तर?

तो मागितला माझ्या भाच्याने. राळेगाव तालुक्यातला हा मुलगा अकरावीसाठी आमच्याकडे राहतो. यंदा मृगात लावलेली सरकी पावसाने ताण दिल्यामुळे त्याच्या घरी जळाली आणि दुबार पेरणी करावी लागली. त्याच्या पात्राच्या हाती ना तलवार, ना मंत्र. "पानी कधी येईन अन् कधी खंड पडन, हे त्याले महिनाभर आधी समजते," एवढेच.

मुलीने पुस्तक उघडले. पुढल्या 24 तासांचे हवामान सांगणारी विद्या तिथे अगदी तळच्या पायरीवर आहे. हवामान बदलण्याची विद्या मात्र नवांपैकी आठव्या पायरीवर. शिवाय तिची कथा गुहांमधून चालली होती. तिथे कसला पाऊस? बाकीचे म्हणाले, "देऊन टाक फुकट."

भाचा ताडकन उठला. "फुकट नको. पुरी किंमत लाव. माह्या बाबाले हे समजलं असतं तर दुसऱ्यांदा बियानं घ्या लागलं नसतं."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. फासेही थांबले.

मला तर दोघांचेही खरे वाटले. गुहेत पावसाच्या ज्ञानाला कवडीचे मोल नाही आणि पऱ्हाटीच्या रानात राजाच्या तिजोरीला त्याची सर नाही. तेव्हा या गुणाची किंमत ठरवण्याआधी कथा कुठे न्यायची, हे मुलीला ठरवणे भाग होते. आठवडाभर तिने वह्या खरडल्या. एकदा रात्री मला विचारले, तेव्हा मी तिला लोककथेतला सहदेव सांगितला. त्याला सारे पुढचे दिसे, पण कोणी विचारल्यावाचून बोलायचे नाही, असे बंधन होते.

पुढच्या रविवारी तिने सगळ्यांना गुहेबाहेर काढून नदीकाठच्या उघड्या मुलखात आणले. भाच्याचे 27 पैकी 9 अंक कापले; एखादा गुण 15 पर्यंत नेण्याला जेवढे पडतात तेवढेच. वर सहदेवाची अट घातली.

"पन कोनी विचारलंच नाही तं?" भाच्याने विचारले.

"तर भिजा सगळे."

त्या दिवशी कोणी विचारले नाही. मंडळींनी कोरड्या पात्रात मुक्काम टाकला, रात्री पूर आला आणि निम्मी शिधासामग्री वाहून गेली. भाचा सगळा वेळ ओठ दाबून बसला होता.

आता खेळ सुरू होताना कोणीतरी आधी त्याच्याकडे वळून पाण्याचे विचारतो. गुहेत शिरायचे असले तरी विचारतो.