फरासानला उशिरा पोहोचलो

जेद्दामध्ये चोवीस वर्षं राहून लाल समुद्राशी आमचा संबंध एवढाच, की गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी कॉर्निशवर चटई टाकायची, डब्यातले दडपे पोहे खायचे आणि रात्री अकराला चटई झटकून घरी यायचं. मंडळातल्या बहुतेकांचं असंच असेल. त्यामुळे पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आलेली लेक जेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघं समुद्र न बघताच परत जाणार", तेव्हा राग आला आणि लगेच गेलाही. तिचा जन्म इथला, शाळा इथली. आता तिला या गावात यायला व्हिसा लागतो, आणि डिसेंबरमध्ये ह्यांची खुरूज निहाई झाली की तोही मागायला इथे कोणी असणार नाही.

तिने मालवणला स्कूबाचा कोर्स केला आहे. फेब्रुवारीतल्या स्थापना दिनाला जोडून सुट्टी आली, तेव्हा तिनेच फरासानचं ठरवलं. जेद्दाहून जीझानला विमानाने सव्वा-दीड तास, आणि तिथून फेरी. बेटं किनाऱ्यापासून ४०-५० किलोमीटरवर आहेत. फेरीला तिकिटाचे पैसे नाहीत हे ह्यांना शेवटपर्यंत खरं वाटेना. "नक्की फुकट? गाडीसकट?" असं त्यांनी काउंटरवर दोनदा विचारलं. नाव आधी नोंदवावं लागतं आणि इकामा दाखवावा लागतो, एवढंच.

राहण्याची जागा लहान होती. दहा-बारा खोल्या, समोर वाळू, एका टपरीवजा खोलीत सिलिंडर आणि रबरी सूट टांगलेले. गीझर पहिल्या रात्री चालला, पुढे नाही. स्वयंपाकी केरळचा निघाला, म्हणून मासे मात्र आपल्या जिभेचे मिळाले.

शुक्रवारी वारा सुटला. बोट निघण्याआधी सगळ्यांची ओळखपत्रं सीमा रक्षकांच्या चौकीवर दाखवून परवानगी घ्यावी लागते, आणि वारा असला की ती मिळत नाही. लेक हिरमुसली. मग आम्ही फरासान गावात गेलो, आणि आता वाटतं, वाऱ्याने उपकारच केले.

गावात रिफाई घर आहे. मोत्याच्या व्यापाऱ्याने १९२०च्या दशकात बांधलेलं. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, आपल्या बलदमधल्या जुन्या घरांसारख्याच, आणि त्यांवर पांढऱ्या जिप्समची इतकी बारीक नक्षी की ह्यांनी चष्मा काढून, पुसून, परत लावला. जवळच नजदी मशीद आहे. तीही मोत्याच्याच व्यापाऱ्याची, इब्राहीम अल-तमीमी यांनी १९२८च्या सुमारास बांधलेली. तिच्या सजावटीचं सामान हिंदुस्थानातून आणलं होतं असं सांगतात. मला आश्चर्य वाटलं नाही. आखाती मोत्यांचा मोठा बाजार त्या काळी मुंबईतच होता. मोती तिथे जायचे, निवडले जायचे, त्यांना भोकं पाडली जायची आणि तिथून ते जगभर जायचे. माझ्या आजीच्या नथीतले मोती कुठल्या पाण्यातले होते हे विचारायला आता घरात कोणी उरलेलं नाही.

मग जपानी लोकांनी शिंपल्यात मोती पिकवायला सुरुवात केली, जागतिक मंदी आली, आणि १९३०च्या दशकात हा धंदा बसला. घर उभं राहिलं, धंदा गेला. तिथल्या उंबऱ्यावर बसून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. कंपनीचं पत्र आल्यापासून आमच्याकडे असं बसणं वाढलं आहे.

या बेटांवरून लोक येऊन जाणं नवीन नाही म्हणा. इ.स. १४४ चा एक लॅटिन शिलालेख इथे सापडला आहे. रोमन सैन्याची एक तुकडी इतक्या दूर ठाणं देऊन राहिली होती. त्यांनाही घरी कधी जायचं हा प्रश्न पडत असेलच.

शनिवारी वारा पडला. बुडी मारण्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना त्यात जास्त प्रश्न. मी खरी उत्तरं लिहिली आणि मनात म्हटलं, आता हे नाहीच म्हणणार. नाही म्हणाले नाहीत. शिकवणारा मुलगा इजिप्तचा, माझ्या लेकीहून लहान. त्याने कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला. लाल समुद्र इतर समुद्रांपेक्षा खारट, म्हणून माणूस जास्त तरंगतो आणि वजनही जास्त लागतं. नाक दाबून फुंकर मारायची, म्हणजे कानाचे दडे सुटतात. श्वास कधीही रोखायचा नाही. हे सगळं मी पाठ केलं.

विसरले ते खुणा. पाण्यात गेल्यावर त्याने हाताने विचारलं, ठीक आहे का? मी आनंदाने अंगठा वर केला. त्याने मला धरून थेट पृष्ठभागावर आणलं. पाण्यात अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". 'सगळं ठीक' सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. परत खाली गेलो. परत मी अंगठा वर केला. तिसऱ्यांदा लेकीने माझा अंगठाच मुठीत धरून ठेवला.

सहाएक मीटर खोल असू. लाल समुद्राच्या या दक्षिण टोकाला पाणी उत्तरेइतकं काचेसारखं नसतं, थोडं दुधाळ असतं. आधी फक्त माझ्याच श्वासाचा आवाज. मग कुरकुर ऐकू येऊ लागली, कुणीतरी शेजारी बसून कुरडया खातंय अशी. हिरवे-निळे पोपटमासे चोचीने प्रवाळ कुरतडत होते. ते प्रवाळ खातात, पचवतात आणि मागे बारीक वाळू सोडतात. ज्या वाळूवर आम्ही सकाळी चहा प्यायलो, तिच्यातली बरीच अशीच झालेली. इथे या माशाच्या एका जातीला हरीद म्हणतात. वसंतात ते अंडी घालायला झुंडीने किनाऱ्याजवळ येतात आणि गाव जाळी घेऊन पाण्यात उतरतं. तो इथला सण. आमची वेळ महिनाभराने चुकली.

लेक माझ्यापुढे पोहत होती. मधूनमधून वळून बघायची. रस्ता ओलांडताना मी तिच्याकडे जशी बघायचे, अगदी तशीच.

हे पाण्यात उतरले नाहीत. बोटीवर कप्तानाशी त्यांच्या मोडक्या अरबीत गप्पा मारत बसले. रात्री मला सांगितलं. कप्तानाने विचारलं, किती वर्षं झाली सौदीत? चोवीस. मग फरासानला आत्ता आलास? "काय सांगणार त्याला," हे म्हणाले. "सुट्टी मिळाली की भारतात पळायचो, हेच खरं." कप्तान हसला, आणि त्याने दुपारी पकडलेला एक मासा आमच्यासाठी स्वयंपाक्याकडे पोहोचवला.

लेकीला रविवारी सकाळी परत बुडी मारायची होती, पण संध्याकाळी विमान होतं. बुडीनंतर अठरा तास तरी उडायचं नसतं. अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. तेव्हा किनाऱ्याजवळच मास्क लावून डोकं पाण्यात घालायचं ठरलं. आम्ही दोघी लांब गेलो होतो. मागे वळून बघते तर हे कंबरभर पाण्यात, शर्टासकट, लेकीचा जादा मास्क लावून पाण्यात वाकलेले. किती वेळ वाकले होते कोण जाणे. उठले तेव्हा पाठ धरली होती. "तो वळलेला शिंपला आहे ना, त्याचे ओठ निळे आहेत," एवढंच बोलले आणि परत वाकले. फेरी थोडक्यात चुकली नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च बरा. फेरीची जागा आधी नोंदवा, वाऱ्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा आणि बेटावरची हरणं रस्त्यात आडवी येतात म्हणून गाडी सावकाश चालवा. ती याच बेटांवरची खास जात आहे. २०२१ साली युनेस्कोने या बेटांना जैवावरणाचं राखीव क्षेत्र म्हटलं; सौदीतलं ते पहिलंच.

परत आल्यावर ह्यांनी दोन मास्क विकत आणले आणि त्यानंतर दर शुक्रवारी आम्ही ओभूरला जातो. डिसेंबरच्या सामानात ते बसणार नाहीत. कुणाला हवे असतील तर फोन करा. एकाचा पट्टा ह्यांनी ओढून तोडला आहे, पण गाठ मारली की चालतो.