आजींना इंग्रजीत काय म्हणायचं?

मोडी शिकायला मी पुण्याहून तंजावरला आलो, सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मराठी कागदांच्या ओढीनं. मला शिकवणाऱ्या आजी इथल्याच; घरात मराठी, बाजारात तमिळ. शिरोरेघेवर बोट टेकवतात आणि न उचलता थेट ओळीच्या टोकाला नेतात. हाताची कातडी कागदासारखी पातळ झाली आहे, पण बोट रेघेवरून जरासुद्धा ढळत नाही.

त्यांच्या फोटोखाली इंग्रजीत एक ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि माझी मती गुंग झाली. 'ओल्ड वुमन' लिहिलं, ते उद्धट वाटलं. 'एल्डरली' सौम्य, पण दवाखान्यातलं. 'एज्ड'चे उच्चार दोन: वयाच्या आकड्याआधी 'एज्ड', नुसतं वृद्ध म्हणायचं तर 'एजिड'. 'सीनियर सिटिझन' रेल्वेच्या तिकिटावर ठीक. मग 'लाँग इन द टूथ' सापडलं. वाटलं, मुरलेल्या माणसाचा गौरव असेल. निघालं भलतंच! हिरड्या मागं सरून दात लांब दिसायला लागले, की घोडा म्हातारा झाला असं समजायचे. तेही खोडलं. 'ऑक्टोजेनेरियन'मध्ये ऐंशीचा आकडा आहे, चंद्र नाही. आजोबांच्या ऐंशीला आजी-आजोबा तिरुक्कडैयूरला जाऊन शताभिषेक करून आले होते. आपलं सहस्रचंद्रदर्शन ते हेच. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसासाठी मला इंग्रजीत शब्दच मिळेना.

"शिवगंगा बागेतलं चर्च बघून ये," आजी म्हणाल्या.

तिथं शिल्पकार फ्लॅक्समननं घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे. मिशनरी श्वार्ट्झ शेवटच्या घटका मोजत अंथरुणावर पडलेले, आणि तंजावरच्या तरुण सरफोजीराजांनी त्यांचा हात हातात घेतलेला. मी त्या दोन हातांपुढे बराच वेळ उभा राहिलो. श्वार्ट्झ १७९८ साली गेले, एकाहत्तराव्या वर्षी. त्यांच्या समाधीच्या दगडासाठी राजांनी स्वतः इंग्रजीत कविता रचली. इंग्रजी त्यांनाही शिकूनच घ्यावी लागली होती. त्या कवितेत म्हातारपणाचं एकही विशेषण नाही. राजांनी श्वार्ट्झना बाप म्हटलंय, अनाथांचा आणि आपलाही.

घरी येऊन मी लिहिलं: 'माय ग्रँडमदर अँड टीचर, एज्ड ८१.' आजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि खाली मोडीत स्वतःची सही केली.